साखर, पोटाची चरबी आणि अंगातला दाह: किराणा यादीपासून ब्लड रिपोर्टपर्यंत नेमकं काय करायचं

साखरेनं इन्फ्लमेशन, म्हणजे अंगातला दाह, वाढतं हे हल्ली कुणीही सांगतं, पण नेमकं कसं वाढतं असं विचारलं की तिथंच गाडी अडते. आणि ते कळलं नाही तर काय कमी करायचं, कशाचा उगाच बाऊ करायचा नाही, हेही कळत नाही. मग लोक एका सोमवारी साखर एकदम बंद करतात, आठवडाभर घरच्यांवर चिडचिड करतात, त्याजागी गूळ, मध, खजूर असं सगळं सुरू करतात आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट होता तिथंच. माझं म्हणणं थोडक्यात असं की साखरेचा दाह जिभेवरून थेट सांध्यात जात नाही, तो लिव्हर आणि पोटाच्या आतली चरबी या वाटेनं जातो, आणि त्या वाटेवर सगळ्यात पटकन पोचते ती पातळ साखर, म्हणजे पिण्यातली. त्यामुळे सुरुवातही तिथूनच करायची.

आधी आत काय होतं ते बघू

आपली पांढरी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, स्नायू, मेंदू, सगळे. फ्रुक्टोजचं मात्र तसं नाही, थोडंसं असेल तर आतडंच त्याचा निकाल लावतं पण एकदम जास्त आलं की बहुतेक सगळा भार लिव्हरवर. आता लिव्हरमध्ये ग्लुकोजसाठी एक फाटक आहे असं समजा, पेशीत ऊर्जा पुरेशी झाली की ते बंद होतं. फ्रुक्टोज त्या फाटकाच्या बाजूच्या वाटेनं आत येतं, त्याला कुणी थांबवत नाही, आणि जास्तीचं झालं की लिव्हर त्याची चरबी करून टाकतं. त्यातली काही लिव्हरमध्येच राहते (सोनोग्राफीवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून येतं ते हेच), काही ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडली जाते. याच गडबडीत युरिक अ‍ॅसिडपण तयार होतं, म्हणून गाऊटवाल्यांना (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजतात त्यांना) डॉक्टर दारूबरोबर कोल्ड्रिंकही बंद करायला सांगतात.

आता दाह. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी साठते ती नुसती पडून राहत नाही. तिच्या पेशी फुगल्या की तिथं रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं सोडायला लागतात. ती लिव्हरपर्यंत पोचली की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, दाह किती आहे ते कळायला आपण रक्तात तेच मोजतो. आणि हीच रसायनं इन्सुलिनचा निरोप पेशींपर्यंत नीट पोचू देत नाहीत, मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन ओततं, जास्त इन्सुलिन म्हणजे चरबी साठवायला अजून प्रोत्साहन, आणि असं चक्र चालू राहतं. ताप नाही, सूज दिसत नाही, दुखत नाही, वर्षानुवर्षं मंद चालू.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसती साखर दिली आणि लगेच सीआरपी वाढला असं प्रत्येक प्रयोगात दिसत नाही, निकाल मिश्र आहेत. एकूण खाणं प्रमाणात असेल आणि वजन वाढत नसेल तर दोन चमचे साखरेनं अंगात आग लागत नाही. पण लिव्हर आणि पोटाच्या चरबीचे पुरावे बरेच भक्कम आहेत. डेन्मार्कमधला एक प्रयोग २०१२ साली आला, त्यात लोकांना सहा महिने रोज एक लिटर पेय दिलं, कुणाला साखरेचा कोला, कुणाला डाएट कोला, कुणाला दूध, कुणाला पाणी. एकूण चरबीत चारही गटांत फारसा फरक पडला नाही, पण साखरेच्या कोलावाल्यांच्या लिव्हरमधली आणि पोटाच्या आतली चरबी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वाढली. म्हणजे वजनकाटा गप्प बसतो आणि आत काम चालू असतं.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक हातपाय आणि आत चरबी, हा आपला टिपिकल बांधा. त्यामुळे "मी तर बारीक आहे, मला काय होतंय" हे वाक्य मराठी माणसानं जरा जपून वापरावं. गोव्यात तर २०२३ च्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीत डायबेटिसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त.

पायरी १: किराणा यादी काढा आणि भागाकार करा

"आम्ही फार गोड खात नाही" हे प्रत्येक घर म्हणतं. खरं काय ते किराण्याच्या यादीवर असतं. महिन्याला घरात साखर किती किलो येते, गूळ किती येतो, बेरीज करा, माणसं गुणिले तीस दिवस यानं भागा. चार माणसांच्या घरात पाच किलो साखर आणि एक किलो गूळ येत असेल तर ६००० ग्रॅम भागिले १२०, माणशी रोज ५० ग्रॅम. आणि यात बिस्किटं, आइस्क्रीम, बाहेरचा चहा, मिठाई अजून धरलेलीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेली साखर, अधिक मध, सिरप, फळांचा ज्यूस यातली साखर मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर अजून चांगलं. २००० कॅलरीच्या हिशोबानं हे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. म्हणजे वरचं घर निव्वळ स्वयंपाकघरातल्या डब्यातूनच वरच्या मर्यादेला टेकलं. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात मोजायची नाही, तेवढी भीती सोडून द्या.

डब्यातला चमचाही एकदा वजनकाट्यावर बघा, सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा असतो, पण आपण घेतो तो शिगोशीग, तो सहा-सातच्या घरात जातो.

पायरी २: टेप आणि टेस्ट

काही बदलायच्या आधी आज कुठं आहोत ते लिहून ठेवायचं, नाहीतर नंतर फरक कळणार कसा. शिवणकामाची टेप घ्या, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मधे, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवं. पँटचा नंबर म्हणजे पोटाचं माप नाही, पँट पोटाखाली बांधतो आपण.

मग रक्त. उपाशीपोटी ग्लुकोज १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ प्रीडायबेटिस, १२६ आणि पुढे डायबेटिस (पुन्हा टेस्ट करून पक्कं करतात). एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) ५.७ च्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ मधली अवस्था, ६.५ पासून डायबेटिस. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांना किमान ४० आणि बायकांना ५०, बीपी १३०/८५ च्या आत. कंबर, ग्लुकोज, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी या पाचातल्या तीन गोष्टी बिघडलेल्या असल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि गंमत म्हणजे पाचही थोड्याथोड्याच बिघडलेल्या असतात त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. सोबत लिव्हरसाठी एसजीपीटी करून घ्या.

एचएस-सीआरपी (तोच सीआरपी, पण जास्त बारकाईनं मोजलेला) परवडत असेल तर करा, १ च्या खाली छान, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर धोका जास्त. पण सर्दी, दातदुखी, ताप असं काही असताना करू नका, आकडा उगाच चढलेला येतो, आणि १० च्या वर आला तर आधी कुठं इन्फेक्शन आहे का ते बघतात, साखरेला दोष देत नाहीत.

एक खास बायकांसाठी: लोह कमी असेल तर एचबीए१सी खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणं इतकं कॉमन आहे की दोन्ही टेस्ट सोबतच बघाव्यात. आणि मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी काळपट कातडी झाली असेल तर ती घासून जाणार नाही, ती बऱ्याचदा इन्सुलिन रेझिस्टन्सची (पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत त्याची) खूण असते, पीसीओडी असलेल्या मुलींमध्ये खूप दिसते.

डायबेटिसच्या गोळ्या (विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या) किंवा इन्सुलिन चालू असेल तर पुढचं काहीही डॉक्टरांना सांगून करा. गोळी तीच ठेवून खाणं एकदम कमी केलं की शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, घाम, थरथर, गरगरणं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, इथं तत्त्व बित्त्व काढायचं नाही.

पायरी ३: पिण्यातली साखर (सगळ्यात महत्त्वाची, इथं वेळ द्या)

पातळ साखर भरभर आत जाते, चावायला लागत नाही, पोट भरल्याची जाणीवही होत नाही, म्हणजे शरबताच्या दीडशे कॅलरी घेतल्या म्हणून कुणी एक पोळी कमी खात नाही.

चहापासून सुरुवात. तीन कप, प्रत्येकी दोन चमचे, झाले ३० ग्रॅम, एवढ्यातच २५ ची मर्यादा ओलांडली. एकदम बिनसाखरेचा करू नका, टिकत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला ते फारसं कळतही नाही, आणि महिना-दीड महिन्यानं जुना चहा समोर आला तर तोच पाकासारखा लागतो. घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होत असेल तर साखर पातेल्यात न घालता कपात घालायची पद्धत पाडा, सासऱ्यांना हवी तेवढी ते घेतील, भांडण नको. आलं, गवती चहा, वेलची जरा सढळ घातली की गोडाची कमी जाणवत नाही. टपरीवर आणि अमृततुल्यमध्ये चहा आधीच गोड करून उकळत असतो, तिथं कटिंग घ्या किंवा बिनसाखरेचा मागा, गर्दी नसेल तर करून देतात.

कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे छोटी बाटलीसुद्धा दिवसाचा कोटा संपवते. उसाचा रस "नॅचरल" म्हणून सुटतो पण त्यात १०० मिलीमागे १३ ते १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, मोठा ग्लास म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम. एप्रिलच्या उन्हात महिन्यातून एखादा प्या, अर्धा ग्लास, लिंबू-आलं मारून, पण रोज ऑफिसातून येताना नको. पॅकबंद ज्यूसवर तर २०२४ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) '१०० टक्के फळांचा रस' हा दावाच काढायला लावला. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना दुधात घालायच्या माल्ट पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका असंही सांगितलं, तरी आपल्या घरात पोरांच्या दुधात रोज दोन चमचे पडतातच.

मग प्यायचं काय? ताक. सोलकढी. कोकमाचं आगळ पाण्यात, मीठ आणि जिरं घालून (आगळ, सिरप नव्हे, कोकम सिरपच्या बाटलीत निम्म्याहून जास्त साखरच असते). लिंबूपाणी मिठाचं. पन्हं करायचंच तर गूळ अर्धा करा, कैरीचा आंबटपणा छानच लागतो.

फक्त एवढी एक पायरी केली आणि बाकी काहीच केलं नाही तरी बऱ्याच घरांत रोजची साखर जवळजवळ निम्मी होते असं मला वाटतं.

पायरी ४: सकाळचं आणि चारचं खाणं

चहाबरोबर काहीतरी लागतं, तिथं बिस्किट येतं. ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅममागे पाव भाग साखर आणि बाकी बरीचशी मैदा. खारी गोड नाही पण मैदा आणि वनस्पती तूप, तीही काही मोठी मैत्रीण नाही. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेलं अंडं, उरलेली मटकीची उसळ. नाश्त्याला थालीपीठ दह्याबरोबर, पोहे असतील तर शेंगदाणे-मटार भरपूर घालून, घावन-चटणी. पोह्यात सवयीनं चमचाभर साखर घालतो ती बंद. आमटीत, भाजीत चिमूटभर गूळ घालता तो राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही, आमटीची चव मात्र बिघडेल.

पायरी ५: पाकीट उलटं करा

समोर काय लिहिलंय ते जाहिरात, मागे काय लिहिलंय ते खरं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, म्हणजे पहिल्या तीनात साखर असेल तर ते गोडच समजा. साखर वेगवेगळ्या नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, मध, गुळाची पावडर. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या रकान्यात धरलंही जात नाही पण रक्तात ग्लुकोज म्हणून तितक्याच वेगानं येतं. खाली तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे असतात, आपल्याला दुसरा बघायचाय, आणि तो 'पर सर्व्ह' न बघता १०० ग्रॅमचा बघा, कारण कंपनीचं सर्व्हिंग दोन बिस्किटांचं असतं आणि आपलं सहाचं. 'लो शुगर' म्हणायला घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आत साखर लागते, तो आकडा डोक्यात ठेवा. केचप, पोरांच्या आवडीचा जॅम, फ्लेवर्ड योगर्ट, म्यूस्ली, प्रोटीन बार, इथं फसायला होतं.

गूळ, मध, खडीसाखर, स्टीव्हिया

गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण तो मुख्यतः साखरच आहे, आणि कोल्हापुरी असला तरी लिव्हरला पत्ता विचारून येत नाही. हिशोब एकाच वहीत. मधात तर फ्रुक्टोज भरपूर. खजुराचे लाडू 'शुगर फ्री' म्हणून दिवसाला चार खाल्ले तर काय साधलं? कृत्रिम गोडीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करण्यासाठी ती वापरू नका (ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना हा सल्ला लागू नाही). कोल्ड्रिंक सोडवण्यासाठी काही आठवडे आधार म्हणून ठीक, कायमची सोय म्हणून मला पटत नाही कारण जीभ तेवढीच गोड राहते.

पायरी ६: ताटातला क्रम आणि जेवणानंतरची शतपावली

भात-पोळी बंद करायची गरज नाही. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा मासे निम्मे संपवा, मग पोळी, शेवटी भात. याच क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. आणि जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, कारण चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज आत ओढतात. रात्री साडेनऊला जेवून थेट सोफा, ही सगळ्यात वाईट सवय. आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, वजन उचलणं असं काहीतरी, ग्लुकोज ठेवायला स्नायू हीच मोठी जागा आहे.

सणवार आणि आग्रह

गुढीपाडव्याला श्रीखंड खायचं, गणपतीत मोदक खायचे, संक्रांतीला तिळगूळ घ्यायचा. प्रश्न त्या दिवसाचा नसतो, नंतर पंधरा दिवस फ्रीजमध्ये राहणाऱ्या डब्याचा असतो. श्रीखंडात चक्क्याएवढीच साखर घालायची पद्धत आहे, म्हणजे जवळजवळ निम्मं वजन साखरेचं, एक मोठी वाटी म्हणजे ६०-७० ग्रॅम. पाऊण पट साखर घाला, छोट्या वाटीत वाढा, जेवणाच्या शेवटी खा, उरलेलं वाटून टाका. आंबा अख्खा, कापून, एक, हे चालतं (हापूसच्या गरात १०० ग्रॅमला साधारण १४ ग्रॅम साखर). आमरसात साखर घालून तीन वाट्या म्हणजे वेगळा प्रकार झाला. आग्रह करणाऱ्या मावशींना 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे एकच वाक्य चालतं, बाकी शास्त्र सांगू नका, त्या अजून एक वाढतात.

घरात लहान मूल असेल तर

दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच, तीट लावायच्या वयात बिस्किट-दूध सुरू होतं ते टाळा. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतरही साखर रेशनवर होती, सप्टेंबर १९५३ ला ते रेशनिंग उठलं आणि माणशी साखर जवळपास दुप्पट झाली. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की गर्भात असल्यापासूनच्या पहिल्या हजार दिवसांत ज्यांनी ते रेशन अनुभवलं त्यांना मोठेपणी टाइप २ डायबेटिसचा धोका साधारण ३५ टक्के कमी आणि बीपीचा २० टक्के कमी होता. म्हणजे गरोदरपणात 'दोघांचं खा' म्हणून गोड भरवणं हेही जरा आवरायला हवं.

पुन्हा टेस्ट कधी

ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी उतरतात, काही आठवड्यांतच, पण टेस्टच्या आदल्या दिवशी लग्नाचं जेवण जेवून जाऊ नका. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत करण्यात अर्थ नाही, तो लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजतो आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. कंबर महिन्यातून एकदा, त्याच दिवशी, सकाळी. एसजीपीटी जास्त होता तर तोही तीन महिन्यांनी, सोनोग्राफी सहा महिन्यांनी. आणि सगळं मनापासून करूनही आकडे हलले नाहीत तर साखर अजून कमी करत बसू नका, दारू, झोप, भाताचं प्रमाण, थायरॉइड, चालू असलेल्या स्टेरॉइडसारख्या गोळ्या, यातलं काय आहे ते डॉक्टरांबरोबर बसून शोधा, आणि जाताना किराण्याचा तो भागाकार कागदावर लिहून न्या.